ऑफिस बांधताय? तुमचं वीजबिल नकाशावरच ठरतं!



धंदा थोडा स्थिरावला की प्रत्येकाच्या मनात एक विचार येतोच. भाडं किती दिवस भरायचं? आता स्वतःचं ऑफिस बांधू. मग नागापूरच्या एमआयडीसीत नाहीतर सुप्याला प्लॉट बघणं सुरू होतं. कुणी सावेडीतल्या जागेवर, कुणी संगमनेर-श्रीरामपूर रोडवरच्या वडिलोपार्जित तुकड्यावर बांधायचं ठरवतो. आणि पहिली गोष्ट काय बनते? थ्रीडी चित्र! समोरून सगळी निळी काच, वर चमकदार पॅनेल, मोठं नाव. "आणि सर, शेवटी वर सोलर लावणार, म्हणजे ग्रीन बिल्डिंग झाली."

इथेच थांबा. आजचा लेख या "शेवटी"बद्दल आहे. इमारत थंड राहणार की तापणार, वीज किती खाणार, पंचवीस वर्षांनी भिंतींना भेगा असणार की नाही, यातलं बहुतेक सगळं पहिली कुदळ मारण्याआधीच ठरलेलं असतं. कागदावर रेघ पुसायला पैसे लागत नाहीत. उभी भिंत पाडायला लागतात.

आधी जवळचं एक मोठं उदाहरण बघू, मग आपल्या दीड-दोन हजार चौरस फुटांच्या ऑफिसकडे येऊ.

पवनचक्कीवाल्यांनी काय केलं?

पुण्यात हडपसरला "वन अर्थ" नावाचा परिसर आहे. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉन कंपनीचं हे मुख्यालय. आर्किटेक्ट ख्रिस्तोफर बेनिंजर. जागा सुमारे १० एकर. हरित इमारतींसाठी जी दोन मोठी मानांकनं आहेत, त्यात याला लीडचं प्लॅटिनम आणि आपल्या देशी 'गृह' पद्धतीचे पाच तारे, म्हणजे दोन्हीकडे सगळ्यात वरची श्रेणी मिळाली.

आता गंमत बघा. पवनचक्की हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या आवारात छोट्या पवनचक्क्या आणि सोलर पॅनेल आहेतच. पण त्या आवारात तयार होणारी वीज एकूण गरजेचा छोटासाच भाग भागवते. मग मानांकन कशाच्या जोरावर मिळालं? इमारत उंच नेली नाही, बुटकी ठेवली. काचेच्या बाहेर ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचं आवरण दिलं, म्हणजे ऊन अडतं आणि उजेड आत येतो. मध्ये मोकळे चौक आणि पाणी ठेवलं. बहुतेक टेबलांना दिवसा नैसर्गिक उजेड मिळेल अशी मांडणी केली. पावसाचं पाणी जिरवायची आणि सांडपाणी पुन्हा वापरायची सोय केली.

म्हणजे आधी गरज कमी केली आणि मग वीज बनवली. हा क्रम लक्षात ठेवा. छोट्या इमारतीला तो जास्तच लागू पडतो, कारण आपल्याकडे पैसे कमी असतात.

आणि हा क्रम काही पुण्यातून शिकायची गरज नाही. नगरचा फराहबाग बघितलाय ना? १५८३ साली पूर्ण झालेला निजामशाहीतला हा अष्टकोनी महाल मोठ्या तलावाच्या मधोमध बांधला होता. जाड दगडी-चुन्याच्या भिंती, उंच घुमटाचं दालन, चारी बाजूंनी पाणी. वीज नव्हती, तरी उन्हाळ्यात आत बसता यावं याचा विचार नकाशातच केलेला होता.

पायरी १: सूर्य कुठून येतो ते आधी बघा

नगर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे झुकतो. पण रोज संध्याकाळी तो पश्चिमेला खाली उतरतो आणि ऊन आडवं येतं.

यातून तीन गोष्टी निघतात.

दक्षिणेची खिडकी सांभाळायला सोपी असते. चार फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा काढला, तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत भर दुपारचं ऊन काचेवर पडत नाही. थंडीत थोडं ऊन आत येतं, आणि ते तेव्हा हवंच असतं.

पश्चिमेची खिडकी छज्जाने सांभाळता येत नाही. ऊन आडवं असल्यामुळे ते छज्जाच्या खालून घुसतं. म्हणून जिना, टॉयलेट, स्टोअर, फाइलींची खोली हे सगळं पश्चिमेला टाका. माणसांची टेबलं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवा. इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरलेली ठेवली, म्हणजे लांब भिंती आपोआप उत्तर-दक्षिणेला येतात.

प्लॉटचा रस्ता पश्चिमेलाच असेल तर? बऱ्याच जणांचा असतो. मग दर्शनी बाजूला काच कमी ठेवा. उभ्या पट्ट्या, जाळी किंवा वेल चढेल असा सांगाडा द्या. नाव झळकवायला काच लागत नाही, भिंतही चालते.

काचेचा हिशेब एकदा करूनच बघा. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला ५०० वॅट उष्णता पडते असं कमीत कमी धरा. साधी काच त्यातली सुमारे ८० टक्के आत सोडते. १०० चौरस फूट काच म्हणजे साधारण ९ चौरस मीटर. म्हणजे आत आली ३,६०० वॅट उष्णता. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. थोडक्यात, त्या १०० फूट काचेसाठी तुम्ही एक टनाचा एसी विकत घेतला, आणि त्याने अजून एकाही माणसाला थंड केलेलं नाही!

पायरी २: स्लॅब हीच तुमची सगळ्यात मोठी भट्टी

एक-दोन मजली इमारतीत सगळ्यात जास्त ऊन छत खातं. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी सहानंतरही खाली उष्णता सोडत राहतो. उपाय साधे आहेत. छतावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. बजेट असेल तर वॉटरप्रूफिंगच्या वेळीच उष्णतारोधक थर टाका. सोलर पॅनेलसुद्धा छतावर सावली धरतात, तो बोनस समजा.

इथे एक धोका सांगतो. आपल्याकडे गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. चार इंच कोबा म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १९० किलो वजन. काही वर्षांनी पुन्हा गळलं की जुना न काढता त्यावर दुसरा थर मारतात. स्लॅबच्या डिझाइनमध्ये हे दुसरं वजन धरलेलंच नसतं. आधी जुना थर काढा, मगच नवा करा.

नगरची हवा आपल्याला एक मदत करते. उन्हाळा कोरडा असतो आणि रात्री बऱ्यापैकी गार होतं. वर झरोके आणि खाली सुरक्षित जाळीच्या खिडक्या असतील तर रात्रीची गार हवा इमारत धुऊन काढते. कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो आणि तो एसीपेक्षा खूपच कमी वीज घेतो. प्रत्येक खोलीला एसी हवाच असं नाही.

पायरी ३: पायाखाली काय आहे?

आता सांगाड्याकडे येऊ. बरेच जण इंजिनिअरची फी वाचवतात ती इथेच. "गवंडी अनुभवी आहे, त्याने शंभर घरं बांधलीत." मान्य. पण त्याने तुमच्या प्लॉटखालची माती बघितली आहे का?

जिल्ह्यात अनेक ठिकाणी काळी कपाशीची माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्या मातीत अर्धवट टेकला, तर इमारत दरवर्षी थोडी वर-खाली होते आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. कितीही पुट्टी भरली तरी पुढच्या उन्हाळ्यात त्या परत दिसतात.

म्हणून आधी खड्डे घेऊन बघा. कठीण मुरूम किंवा खडक जवळ असेल तर फूटिंग तिथपर्यंत न्या. काळ्या मातीचा थर खोल असेल तर खाली फुगवटा असलेले पाइल वापरता येतात. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केली. वर प्लिंथ बीमने सगळं एकत्र बांधायचं, आणि भोवती फरसबंदी करून पावसाचं पाणी पायापासून लांब न्यायचं. मातीची तपासणी संपूर्ण बांधकामाच्या खर्चापुढे किरकोळ असते. ती टाळू नका.

पायरी ४: भूकंप आपल्याकडे कुठे येतो?

असं किल्लारीलाही वाटत होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत तो भाग देशाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्या पहाटे हजारो माणसं गेली. बहुतेक जण जड दगड-मातीच्या भिंतींखाली आणि छपरांखाली गाडली गेली. त्यानंतर नकाशा बदलला. सर्वांत खालचा झोन १ हा प्रकारच काढून टाकला गेला.

ऑफिस बांधताना यातून दोन गोष्टी घ्या.

पहिली, वजन कमी ठेवा. भूकंपात इमारतीवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. भाजलेल्या विटेचं बांधकाम घनमीटरला साधारण १,९०० किलो भरतं. एएसी ब्लॉक ६०० किलोच्या आसपास असतो. भिंती हलक्या झाल्या की कॉलम, बीम आणि फूटिंगवरचा भार कमी होतो, आणि स्टीलही वाचू शकतं. शिवाय हा ब्लॉक उष्णताही कमी आत सोडतो. मात्र प्लास्टर आणि जोड नीट केले नाहीत तर त्याला भेगा जातात. म्हणून त्याचं काम येणारा गवंडी शोधा.

दुसरी, खालचा मजला पोकळ ठेवू नका. खाली पार्किंग किंवा शोरूम म्हणून फक्त कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले, ही आपली आवडती रचना. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजपासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादमध्ये अशा रचनेच्या इमारती कोसळल्या. वरचा भाग ताठ आणि खालचा लवचीक, त्यामुळे सगळा ताण खालच्या कॉलमवर येतो. खाली मोकळी जागा हवीच असेल तर इंजिनिअरला स्पष्ट सांगा. जाड कॉलम किंवा आरसीसी भिंत देऊन तो तोडगा काढतो. हे सगळं भूकंपाच्या भारतीय मानकात, आयएस १८९३ मध्ये, आहे.

पायरी ५: "पुढे मजला चढवू"

आपल्या गावात निम्म्या गच्च्यांवर सळया उभ्या दिसतात. पुढच्या मजल्याची ती आशा असते. आशा ठेवा, पण हिशेबाने ठेवा.

• पुढे दोन मजले चढवायचे असतील तर आजचं फूटिंग आणि आजचे कॉलम त्या दोन मजल्यांसाठी डिझाइन करून घ्या. नंतर पाया मोठा करणं फार महागात पडतं.

• उघड्या सळया गंजतात. त्यांना सिमेंटचा लेप किंवा दुबळ्या काँक्रीटचं आवरण द्या.

• पाण्याच्या टाकीची जागा आज ठरवा. ५,००० लिटर पाणी म्हणजे ५ टन वजन. ते कॉलमवर यायला हवं, स्लॅबच्या मध्यावर नको.

• सोलरचे सांगाडेही आजच नकाशात दाखवा. पॅनेलचं वजन फार नसतं, पण वाऱ्यात ते उचललं जाऊ शकतं. नंतर वॉटरप्रूफिंगला भोकं पाडण्यापेक्षा बोल्टची सोय आधीच केलेली बरी.

पायरी ६: काँक्रीटमध्ये पाणी घालणारा हात थांबवा

सिमेंटमधला मुख्य भाग म्हणजे क्लिंकर. एक टन क्लिंकर बनताना पाऊण टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यामुळे पर्यावरणाच्या दृष्टीने सगळ्यात चांगली इमारत कोणती? जी पन्नास वर्षं टिकते आणि पुन्हा बांधावी लागत नाही ती.

टिकाऊपणा दोन-तीन साध्या सवयींवर अवलंबून असतो. ५० किलोच्या गोणीला वाळूतला ओलावा धरून साधारण २५ लिटर पाणी पुरतं. काम सोपं व्हावं म्हणून साइटवर वरून बादली ओतली, की काँक्रीट कच्चं होतं. सळईला पुरेसं आवरण हवं, कॉलमला सर्वसाधारणपणे ४० मिलिमीटर. त्यासाठी तयार कव्हर ब्लॉक वापरा, खडी सरकवू नका. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट चांगलं आहे, त्यात क्लिंकर कमी लागतं. पण त्याचं क्युरिंग किमान १० दिवस करा. यात पैसा कमी लागतो, लक्ष जास्त लागतं. म्हणून स्लॅबच्या दिवशी मालकाने साइटवर असायलाच हवं.

पायरी ७: पाण्याचा ताळेबंद

धंद्याचा ताळेबंद आपण काढतो. आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद काढतं. किती पाऊस पडला, किती पाणी आहे, त्यावर कोणतं पीक घ्यायचं ते ठरतं. ऑफिसलाही हीच पद्धत लावा.

तुमचं छत १,५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १४० चौरस मीटर आहे असं समजा. वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस धरा. त्यातलं ८० टक्के पाणी हाती लागलं, तर वर्षाला सुमारे ६१,००० लिटर होतात. दहा माणसांच्या ऑफिसला दिवसाला ४०० लिटर लागत असतील, तर ही दीडशे दिवसांची गरज झाली. सगळं साठवता येणार नाही हे खरं. पण थोडं टाकीत, उरलेलं गाळणीतून बोअरजवळ जिरवलं, तर उन्हाळ्यातले टँकर कमी होतील. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर पाऊसपाण्याची सोय बंधनकारकच आहे. तुमचा प्लॉट लहान असला तरी करा. एमआयडीसीतल्या प्लॉटला एमआयडीसीचे स्वतःचे नियम असतात, ते आधी बघा.

आणि आता सोलर

एवढं झाल्यावर सोलर. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. गरज आधीच कमी केलेली असेल, तर १० किलोवॅटच्या जागी ५ किलोवॅटमध्ये काम भागू शकतं. क्रम उलटा केला, तर तुम्ही चुकीच्या नकाशासाठी पॅनेल विकत घेताय.

इमारत किती वीज खाते हे मोजायला एक सोपा आकडा आहे. वर्षाचे युनिट भागिले चौरस मीटर. महिन्याला १,००० युनिट आणि क्षेत्रफळ १४० चौरस मीटर असेल, तर १२,००० भागिले १४०, म्हणजे सुमारे ८६. आज भाड्याच्या ऑफिसचा हा आकडा काढून ठेवा. नव्या ऑफिसचा तो कमी आला पाहिजे, हे आर्किटेक्टला पहिल्याच बैठकीत सांगा.

शेवटचा प्रश्न: बांधायचंच का?

डिसेंबर २०२४ मध्ये सुझलॉनने वन अर्थ ही मालमत्ता ४४० कोटी रुपयांना विकली आणि तिथेच भाडेकरू म्हणून राहायचं ठरवलं. एवढी मोठी कंपनीसुद्धा कधीतरी हिशेब करते की पैसा भिंतीत अडकवायचा की धंद्यात फिरवायचा. तुम्हीही तो करा. पुढच्या वर्षभराचं खेळतं भांडवल बाजूला काढल्यावर जे उरतं, ते बांधकामाचं बजेट. मालाच्या पैशातून स्लॅब टाकू नका.

आणि बांधायचं पक्कं झालं, तर आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांना एकाच टेबलावर बसवा आणि हे सात प्रश्न विचारा:

१. पश्चिमेला काय ठेवलंय?
२. प्रत्येक खिडकीवर उन्हाळ्यात दुपारी ऊन पडणार की नाही?
३. छताच्या उष्णतेचं काय?
४. मातीची तपासणी कुणी आणि किती खोल केली?
५. खालचा मजला वरच्यापेक्षा कमकुवत आहे का?
६. पुढचे मजले, टाकी आणि सोलर यांचं वजन धरलंय का?
७. पावसाचं पाणी कुठे जातं?

सातही उत्तरं नकाशावर बोट ठेवून मिळाली, तर खुशाल नारळ फोडा. एखाद्या प्रश्नावर "ते नंतर बघू" असं उत्तर आलं, तर मुहूर्त पंधरा दिवस पुढे ढकला. पंधरा दिवसांचं भाडं भरणं परवडतं. चुकीच्या भिंतीचं वीजबिल मात्र पुढची तीस वर्षं दर महिन्याला येत राहतं.